हं म्हणणारी मुलगी

मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, एक्स-रेची खोली आणि चादरी धुण्याची खोली यांच्या मधोमध टेलिफोन एक्स्चेंज होतं. त्याला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की गारठा, हे आत बसणाऱ्या ऑपरेटरबाईंना फोन करणाऱ्यांच्या आवाजावरून कळत असे. गारठ्यात माणसं नाकातून बोलतात आणि उन्हात वसकन अंगावर येतात, असा त्यांचा अनुभव होता, आणि तो वेधशाळेपेक्षा भरवशाचा होता.

आवाज ओळखण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. मोठ्या सर्जनना त्या नुसत्या श्वासावरून ओळखत. बोलण्याआधी ते नाकातून असा काही सुस्कारा सोडत, की आता आपल्यालाच भूल देतात की काय असं वाटावं. एकदा एका गृहस्थाने 'मी आरोग्य खात्यातून बोलतोय, तीन नंबर वॉर्डातल्या आजोबांना ताबडतोब खिडकीजवळची खाट द्या' असा जरबेचा फोन केला. बाई म्हणाल्या, "जावईबापू, खाटेचं सिस्टरना सांगा. आणि कालपासून तुमचा घसा बसलाय, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा." पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. तो आवाजसुद्धा ओशाळलेला होता, असं बाई सांगत.

एक्स्चेंजचे नियम दोनच होते. फोन उचलला की 'इस्पितळ, बोला' एवढंच म्हणायचं आणि समोरचा बोलेपर्यंत गप्प राहायचं. आणि लाइन जोडून दिली की हेडफोन काढून बाजूला व्हायचं. दुसऱ्याचं ऐकायचं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंनी हे नियम मोडले नव्हते. घरी हे नियम लागू नव्हते.

इस्पितळाला लागून नर्सिंगचं कॉलेज होतं, शिकाऊ डॉक्टर होते, त्यामुळे आईबाप या विषयावर बाईंचा अभ्यास बसल्या जागी झाला होता. काही आईबाप ऑपरेशन थिएटरमध्ये फोन जोडून मागत, कारण मुलाने डबा खाल्ला का ते विचारायचं असे. काही समुद्रापलीकडून भलत्या वेळी फोन करत, आणि पोरगी झोपली आहे म्हटलं की 'झोपते कशी?' म्हणून बाईंनाच जाब विचारत. एका शिकाऊ डॉक्टरचे वडील मात्र वर्षातून एकदा फोन करून विचारत, "मुलगा आहे ना अजून तिथे? बरं बरं. त्याला बोलावू नका, कामात असेल." आणि ठेवून देत. या शेवटच्या प्रकाराला बाई आईबापांत धरत नसत.

त्यांना स्वतःला एकच मुलगी होती. तिचं घरातलं नाव चिंगी. वय वाढलं, उंची वाढली, चष्मा लागला, तरी नाव तेच राहिलं होतं. ती घरं, पूल वगैरेंचे नकाशे काढायला शिकणार म्हणून दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेली, तेव्हा तिला सोडायला बाई आणि बाईंचे यजमान दोघंही गेले. यजमान बस डेपोत टाइमकीपर होते. दिवसभर गाड्या सुटल्याच्या घोषणा करून करून घरी येईपर्यंत त्यांच्याजवळचे शब्द संपलेले असत. बाईंचे नसत. संसार त्यामुळे सुरळीत चालला होता.

हॉस्टेलची खोली लहान होती. दोन खाटा, दोन टेबलं, खाली सायकलींचा स्टँड दिसणारी एक खिडकी. बाईंनी सकाळपासून दुपारपर्यंत खोलीचा ताबा घेतला. खणांमध्ये वर्तमानपत्रं घातली, औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, पडदा लावला, मोजे जोडीजोडीने गुंडाळले. दाराला कुलूप कसं लावायचं, तेही चिंगीला करून दाखवलं. कुलूप घरचंच होतं.

तेवढ्यात दुसऱ्या खाटेची मालकीण आली. ती परदेशातली, फार थंड मुलखातली होती, आणि अशी उंच, की दारातून येताना तिने मान लववली तेव्हा बाईंना आधी वाटलं नमस्कारच करतेय. मागोमाग तिचे आईवडील, तेही तसेच. सामान म्हणजे दोन पिशव्या. वडिलांनी खिडकी नीट लागते का ते पाहिलं, आईने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. मग वडिलांनी मुलीशी हात मिळवला, आईवडील काहीतरी एक-दोन शब्द बोलले, आणि गेले. मोज्यांची एक जोडी गुंडाळून व्हायच्या आत सगळं उरकलं होतं.

"हात मिळवला हो!" परतीच्या बसमध्ये बाईंनी पुन्हा सुरू केलं. "पोटच्या पोरीशी! जशी काही नोकरीवर रुजू करून घेतली. टाकून गेले हो त्या पोरीला."

"टाकून कसले? सोडून गेले," यजमान म्हणाले.

"तेच ते."

"तेच नाही," यजमान म्हणाले, आणि त्या दिवसापुरते संपले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन सुरू झाला. बाई ड्यूटीवरून येत, हातपाय धुत, गॅसवर भात चढवत, कानात इयरफोन घालत आणि चिंगीला फोन लावत. हात मोकळे राहत आणि तोंडही. यजमान या फोनला बातमीपत्र म्हणत, कारण त्यात ऐकणाऱ्याला मध्ये बोलायची सोय नव्हती.

"हॅलो, चिंगे, जेवलीस का? काय जेवलीस? नुसतं पावावर भागवू नकोस, पोटात दगड होतो. केस धुतलेस का आज? धुतलेस तर वाळव. ओल्या केसांनी झोपलीस की उद्या डोकं धरून बसशील, आणि तिथे कोण आहे तुला बघायला? स्वेटर काढलास का बाहेर? निळा, तो खालच्या खणातला. दात दुखत असेल तर अंगावर काढू नकोस. तुझ्या आत्याने काढलं, आता अर्धं तोंड खोटं आहे तिचं. पहिल्या तासाला जातेस ना? पहिल्या तासाला जाणारी मुलंच सरांच्या लक्षात राहतात. आणि ती जिराफ कशी आहे?"

जिराफ म्हणजे ती उंच मुलगी. हे नाव चिंगीने ठेवलं होतं, आणि जिराफला ते आवडलं होतं असं चिंगीचं म्हणणं होतं.

या सगळ्यावर चिंगीचं उत्तर एकच असे. "हं." कधी दोनदा, "हं, हं." पोस्टात शिक्का मारतात तसा तो हुंकार एका मापाचा, एका सुरातला होता. बाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. शिक्का पडतोय म्हणजे पत्र पोचतंय, एवढं त्यांना पुरे होतं.

पहिली परीक्षा झाली आणि फरक पडला. चिंगीच्या हुंकाराला एकाएकी जीव आला. आत्याच्या दातांचं पुन्हा सांगितलं तर पलीकडे चक्क हसू फुटलं. 'हं?' असा प्रश्न येऊ लागला, 'हंऽऽ' असं पटणं येऊ लागलं. बाईंना आणखी सांगावंसं वाटू लागलं. मग त्या केस, मोजे सोडून दुसरंही बोलू लागल्या: दिवसभरात कोणाचे फोन आले, कोण रडलं, कोणाला बाळ झालं, रक्तपेढीतला माणूस रजेवर जाताना फोनवर कसा गाणं म्हणत होता.

"पोरगी ऐकायला लागली हो, ताई," त्यांनी दुपारच्या पाळीच्या ऑपरेटरला सांगितलं. ताई बाईंपेक्षा वयाने मोठ्या, एकट्या राहणाऱ्या, आणि कोणाला बरं वाटावं म्हणून काही बोलायची सवय नसलेल्या.

"ऐकायला लागली, का बोलायची बंद झाली?" ताई म्हणाल्या.

"तुम्हाला मुलं नाहीत, ताई."

"म्हणून तर मला ऐकू येतं," ताई म्हणाल्या आणि हेडफोन पुसून कानाला लावला.

हे ऐकू येण्याचं प्रकरण बाईंना जरा लागलं. कारण गेले काही महिने त्यांच्या उजव्या कानात एक बारीक शिट्टी वाजत होती. आधी त्यांना ती लाइनमधली वाटली. मग ती घरीही वाजू लागली. हेडफोन त्यांनी गुपचूप डाव्या कानावर घेतला होता. कानाचे डॉक्टर याच इमारतीत होते. त्यांना रोज लाइन बाईच जोडून देत. पण वर जाऊन कान दाखवला असता, तर ऑपरेटरबाईंना ऐकू येईनासं झालं ही बातमी त्या जिना उतरायच्या आत तळघरात पोचली असती. आचाऱ्याला चव लागत नाही असं कळल्यावर जे होतं, तेच झालं असतं.

त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी, यजमान डेपोतून यायचे होते, भाताला उकळी येत होती, आणि पलीकडचा हुंकार इतका मायेचा होता, की त्या बोलून गेल्या.

"चिंगे, तुला म्हणून सांगते. माझा उजवा कान जातोय बहुतेक. तुझ्या बाबांना सांगू नकोस. मला भीती वाटते गं. कान गेला तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही." मग लगेच सावरून, "आणि हे मला परत विचारूही नकोस. केस वाळवलेस का?"

पलीकडून हुंकार आला नाही. कोणीतरी नाकातून श्वास आत घेतला आणि धरून ठेवला. क्षणभर बाईंना तो श्वास परका वाटला. ज्यांनी नुसत्या सुस्काऱ्यावरून सर्जन ओळखले, त्या बाईंनी तो लाइनचा दोष ठरवला आणि भाताखालचा गॅस बंद केला.

रविवारी चिंगीचा फोन आला, तो वडिलांच्या फोनवर. सुट्टीत घरी यायचं तर गाड्या कधी आहेत, हे ती टाइमकीपरला विचारत होती. बाईंनी फोन हातातून काढूनच घेतला.

"काय गं, कानाचं कोणाला बोलली नाहीस ना?"

"कुठल्या कानाचं?"

"अगं माझ्या!"

"तुझ्या कानाला काय झालं?" चिंगीने फोनमधून विचारलं.

"तुझ्या कानाला काय झालं?" यजमानांनी खुर्चीतून विचारलं.

बाई दोघांच्या मध्ये उभ्या होत्या. आधी कोणाला उत्तर द्यावं ते त्यांना कळेना, आणि मग वेगळंच काहीतरी कळलं.

"चिंगे," त्या हळूच म्हणाल्या, "परवा संध्याकाळी फोनवर कोण होतं?"

पलीकडून घाईने, "आई, मी नंतर करते हं फोन," आणि लाइन तुटली. तुटलेल्या लाइनचे सगळे प्रकार बाईंना ठाऊक होते. ही पकडल्या गेलेल्या माणसाची होती.

यजमानांना सगळं समजायला वेळ लागला नाही. त्यांनी कपातला चहा संपवला आणि मग ते त्यांच्या मते अतिशय प्रेमळ असं बोलले. "कानामुळे असेल. कानाने दगा दिला."

कारण सोयीचं होतं. बाईंनी ते रात्रभर उशाशी ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये पहिलाच फोन आला, आणि समोरच्याने नुसतं "हॅ" म्हणताच बाईंच्या तोंडून गेलं, "या, रजा संपली वाटतं!" रक्तपेढीतला माणूस चकित झाला. बाई झाल्या नाहीत. डाव्या कानाने रक्तपेढी ओळखली होती. इयरफोन तर घरी दोन्ही कानांत असत. स्वतःची मुलगी ओळखू आली नाही, ती कानामुळे नव्हे.

त्यांनी रजा टाकली. यजमानांनी गाडीत ड्रायव्हरमागची जागा धरून दिली आणि खिडकीशी येऊन उभे राहिले.

"जातेस तर जा. पण तिथे गेल्यावर..."

"गेल्यावर काय?"

"काही नाही. थर्मासचं झाकण नीट लाव," यजमान म्हणाले, आणि गाडी सुटल्याची घोषणा करायला गेले.

हॉस्टेलच्या खोलीचं दार जिराफने उघडलं. बाईंना बघून ती कानापर्यंत लाल झाली. ही भाषा ती पुस्तकावरून शिकून आली होती, त्यामुळे ती बोलू लागली की एखादं सरकारी निवेदन वाचल्यासारखं वाटे.

"नमस्कार, काकू. आपला कान कसा आहे?"

बाई खाटेवर बसल्या. घरून पाठ करून आणलेलं सगळं त्या एका वाक्यात विरघळलं. त्यांनी खोली पाहिली. चिंगीचा निळा स्वेटर खालच्या उघड्या खणात होता, दुकानाच्या पिशवीतून अजून न काढलेला. खणातली वर्तमानपत्रं पिवळी पडली होती. आणि समोर, जिराफच्या टेबलावर, पहिल्या तासासाठी लावलेलं गजराचं घड्याळ होतं. दातांचं औषध होतं. फळं होती, धुऊन ठेवलेली. खुर्चीच्या पाठीवर निळा स्वेटर होता, अगदी तसाच निळा, कोपरांवर विरलेला. बाईंनी इतके दिवस जे जे म्हणून सांगितलं होतं, ते सगळं या खोलीत पोचलं होतं. फक्त खाट चुकली होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यांदा ती अंघोळीला गेली होती. फोन टेबलावर होता. आपण थांबत नव्हतात, म्हणून मी 'हं' म्हटलं. दुसरं काही म्हटलं असतं, तर माझे उच्चार कळले असते." जिराफ खाली बसली, तरी ती बाईंएवढीच राहिली. "आणि मग आपण म्हणालात, दात दुखत असेल तर अंगावर काढू नकोस. काकू, माझा दात खरोखर दुखत होता. मी कोणालाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, यांना कसं समजलं?"

"आईला नाही सांगितलंस?"

"आई महिन्यातून एकदा विचारते, काही हवं आहे का. मी नाही म्हणते. ती माझ्यावर विश्वास ठेवते." जिराफने गुडघे जवळ ओढले. "आमच्याकडे विश्वास ठेवणं म्हणजेच प्रेम. ते चांगलं असतं, काकू, खरंच. मी एकटी कुठेही जाऊ शकते, कशालाही भीत नाही. फक्त दाताबद्दल कोणी विचारत नाही."

"मग आपणहून सांगायचं की!"

"त्यांना काळजी वाटेल."

"वाटू दे! आई कशासाठी असते मग? शोभेला?"

"हंऽऽ," जिराफ म्हणाली.

बाईंनी चमकून वर बघितलं. हाच तो. पटणारा, मायेचा, थोडा हसरा. आता समोरासमोर ऐकल्यावर तो इतका वेगळा वाटला, की आपण एवढे दिवस काय ऐकत होतो, याचाच त्यांना अचंबा वाटला.

इतक्यात दार ढकलून चिंगी आत आली. खांद्यावर टॉवेल, आणि केसांतून पाणी गळत होतं.

"केस..." बाई म्हणाल्या.

"पोहायला जाते मी," चिंगी दारातूनच म्हणाली. आवाज चढलेला होता, म्हणजे घाबरलेली होती. एवढं बाईंना कळलं. "तुझा फोन येतो ना, त्याच वेळेला कॉलेजचा तलाव आम्हाला मिळतो. मी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं तुला. आई, मला पोहायला शिकायचंय, म्हटलं होतं मी. तू काय म्हणालीस आठवतं?"

बाईंना आठवेना.

"तू म्हणालीस, 'स्वेटर खालच्या खणात आहे.'"

जिराफ उठून बाहेर जाऊ लागली. तिच्या देशात अशा वेळी बाहेर जायची पद्धत होती. पण खोलीत तिघींची दाटी झाली होती आणि चिंगी दार अडवून उभी होती.

"म्हणून काय दुसऱ्याच्या हातात आई देऊन जायचं?" बाई म्हणाल्या. "मी हिला काय काय सांगितलं, तुला माहीत आहे? घरातलं सगळं सांगितलं! माझ्या मनातलं सांगितलं!"

"तेच तर!" चिंगी आता जिराफकडे वळली. "कानाचं तू मला सांगायचं नाहीस? माझी आई आहे ती!"

"ते त्यांचं खासगी होतं," जिराफ म्हणाली. "त्यांनी सांगितलं, कोणाला बोलू नकोस."

"ते मला सांगितलं होतं!"

"होय. म्हणून मी तुलाही बोलले नाही."

चिंगी ओरडली, "आमच्या घरात खासगी वगैरे काही नसतं!" आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच गप्प झाली. टॉवेलवरून पाणी टपटपत राहिलं. बाईंच्या हाताला टॉवेल घेऊन तिचं डोकं खसाखसा पुसायची इतकी घाई झाली होती, की त्यांनी तो हात मांडीखाली दाबून धरला.

मग चिंगी शेजारी येऊन बसली. "दुखतो का कान?"

"शिट्टी वाजते नुसती."

"डॉक्टरांना दाखव."

"बघू."

"आई, रोज फोन नको करूस. मला... श्वास घ्यायला मिळत नाही गं. मीच करीन."

"कधी?"

"करीन ना. नंतर."

बाईंनी मान डोलावली. 'मीच नंतर करतो' हे वाक्य त्यांनी एक्स्चेंजमध्ये इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगायला नको होता. असं म्हणणाऱ्याचा फोन पुन्हा येत नाही. थर्मासमधला चहा तिघींनी एकाच झाकणातून आळीपाळीने प्यायला आणि बाई परतीच्या गाडीला लागल्या.

त्यानंतर संध्याकाळी भात शिजायला फार वेळ लागू लागला. इयरफोन खिळ्याला टांगलेले होते. यजमान स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत, बातमीपत्र नाही असं पाहून परत जात. एकदा त्यांनी स्वतः काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. गाडीच्या टायरबद्दल होतं. दोघंही त्यामुळे अवघडली.

फोन आला, पण चिंगीचा नाही.

"काकू, आज आपण बोलला नाहीत. कालही नाही," जिराफ म्हणाली.

"तिने नको म्हटलंय."

"मी कुठे नको म्हटलं?"

बाईंनी खिळ्यावरचे इयरफोन काढले. "दात कसा आहे?" त्यांनी विचारलं. आणि मग सुरूच झाल्या: एका बाजूने चावू नकोस, रात्री गोड खाऊ नकोस, आत्याचं काय झालं ते तुला माहीतच आहे, आणि आईला आज फोन कर, काही हवं नसलं तरी कर, दात दुखत होता म्हणून सांग. जिराफ हसली, हं म्हणाली, आणि आता उच्चार लपवायचे नव्हते म्हणून मधूनमधून बोललीही. यजमान दारात येऊन निवांत उभे राहिले. चिंगी कशी आहे, हे बाईंनी विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता. ते चिंगीचं खासगी होतं.

असे बरेच दिवस गेले. एका दुपारी, ताई पाळी घ्यायला यायच्या होत्या, आणि बाहेरच्या लाइनचा दिवा लागला.

"इस्पितळ, बोला," बाई म्हणाल्या आणि नियमाप्रमाणे गप्प राहिल्या.

पलीकडे कोणी बोललं नाही. श्वास होता. जरा धाप लागलेला, ओला, नाकात पाणी गेल्यावर असतो तसा. आणि त्यामागे मोठ्या पोकळ जागेत घुमणारे पोरांचे आवाज. बाईंच्या पाठीचा कणा ताठ झाला. त्यांना एकदम सगळं विचारायचं होतं. पण त्या ड्यूटीवर होत्या, आणि ड्यूटीवर समोरचा बोलेपर्यंत बोलायचं नसतं.

समोरच्याला वेळ लागला. एरवी घरी एवढ्या वेळात मोजे, स्वेटर आणि आत्या होऊन गेली असती.

"आज दुपारीच तलाव मिळाला. खोल बाजूला गेले," शेवटी चिंगी म्हणाली. "पाय टेकत नाहीत तिथे. पहिल्यांदा फार घाबरले. मग शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हातपाय मारू नकोस, पडून राहा, पाणी धरतं. आणि खरंच धरतं, आई. कान पाण्यात जातात, आणि बाहेरचं सगळं लांब जातं. मला तेव्हा तुझी आठवण झाली. तुझ्या कानाची." ती थांबली. बाई थांबल्या. "परीक्षेत एका विषयात काठावर पास झालेय. ते सांगितलं नव्हतं. आणि केस ओले आहेत. वाळवलेले नाहीत."

"हं," बाई म्हणाल्या. एवढाच शब्द म्हणायला त्यांना घाम फुटला.

"कान दाखवलास का?"

"हं."

"कधी?"

"हं, हं."

"आई," चिंगी म्हणाली, "हा 'हं' माझा आहे. तो म्हणजे काय ते मला पक्कं माहीत आहे. कानाच्या डॉक्टरांना लाइन जोड. तुझी वेळ मी घेते."

"अगं, सगळ्या इस्पितळाला..."

"ऑपरेटर," चिंगी म्हणाली, "लाइन जोडता का?"

बाईंनी बटण दाबलं. वरच्या मजल्यावर घंटा वाजली, डॉक्टर खोकले, आणि चिंगीचा आवाज आला, स्वच्छ, मोठ्या माणसासारखा: "नमस्कार डॉक्टर, मी तुमच्या ऑपरेटरबाईंची मुलगी बोलतेय."

पुढचं ऐकायची बाईंना फार इच्छा होती. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.